आषाढातली खिडकी

(दृश्य: मुंबईतला एक फ्लॅट. दक्षिणेची खिडकी, ग्रिलवर आणि आत कुंड्या. बाहेर पाऊस.)

या खोलीत दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो. त्यामुळे घरातले म्हणतात, उजेड भरपूर आहे. तरी कोपऱ्यातला मनी प्लँट महिनाभर एकेक पान टाकतोय.

मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजणारं ॲप उघडू या. त्याचा आकडा काटेकोर नसतो, पण दोन जागांमधला फरक कळायला पुरेसा असतो. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर सुमारे 1,00,000 लक्स मिळतात. खिडकीच्या कट्ट्यावर काही हजार. तीन मीटर आत, सोफ्याशेजारी, जेमतेम दोनशे-तीनशे. आपल्या डोळ्याची बाहुली आपोआप मोठी होते, म्हणून एवढी घसरण आपल्याला जाणवतच नाही. पानाला बाहुली नसते.

(दृश्य: आकाशात सूर्याचा मार्ग दाखवणारं रेखाचित्र.)

घरातल्या झाडांबद्दलचा बराचसा सल्ला थंड देशांतून येतो: हिवाळ्यात उजेड कमी, तेव्हा पाणी तोडा. मुंबई-पुण्यात हे कॅलेंडर जवळजवळ उलटं धरावं लागतं. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शाळेची पोरं काठ्या उभ्या करून बघतात तो शून्य सावलीचा दिवस. तिथून सूर्य उत्तरेला सरकतो, तो जुलै संपता संपता परततो. मधले अडीच महिने दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन नाहीच. त्यात ढग, झड आत येऊ नये म्हणून ओढलेली धुळकट काच आणि वर डासांची जाळी! डिसेंबरात मात्र सूर्य दुपारीही 47-48 अंशांच्या वर चढत नाही, आणि तिरपं ऊन थेट खोलीत शिरतं.

म्हणजे इथल्या घरातल्या झाडांचा अंधाराचा ऋतू आषाढ-श्रावण.

(दृश्य: मनी प्लँटचं खोड जवळून.)

खूण खोडावर दिसते. नव्या दोन पानांमधलं अंतर वाढलंय, पानं लहान आणि फिकट, शेंडा खिडकीकडे वळलेला. पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या जातींना हरितद्रव्य कमी, म्हणून त्यांना उजेड जास्त लागतो. तो नसला की नवी पानं हिरवीच येतात. स्नेक प्लँट आणि झेडझेड प्लँट अंधारात टिकतात हे खरं. पण टिकणं म्हणजे वाढणं नव्हे, हे विकणारा सांगत नाही.

खरा घात पाणी करतं. कमी उजेडात पान साखर कमी बनवतं आणि पाणीही कमी ओढतं. हवा दमट, माती सुकत नाही. आपला रोजचा तांब्या मात्र चालूच. मुळांना हवा मिळेनाशी होते, ती कुजतात, पानं पिवळी पडून लोंबतात. आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आणखी पाणी! मातीवर बारीक काळी चिलटं दिसली की समजावं, कुंडी ओली राहतेय. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर तांब्या बाजूला. खतही या दिवसांत नको.

(दृश्य: कुंड्यांवर लावलेला एलईडी दिवा.)

दिवा लावायचा तर साधा पांढरा एलईडी चालतो, झाडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्याचा हट्ट नको. मात्र तो पानांच्या वर वीत-दीड वीत हवा. छताचा दिवा झाडाच्या फारसा कामाचा नाही. टायमरवर बारा तास लावा, रात्री बंद. तुळस यात बसत नाही. तिला रोज काही तास थेट ऊनच लागतं, तेव्हा तिला शोभेसाठी दिवाणखान्यात आणू नये.

ऑक्टोबरात ढग हटले की सगळ्यांना कुंड्या उन्हात ढकलायची घाई होते. सावलीत वाढलेली पानं एका दुपारीत भाजतात, पांढरट-तपकिरी डाग पडतात, आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. पहिला आठवडा फक्त सकाळचं कोवळं ऊन द्या, मग हळूहळू वेळ वाढवा.