वेग नको, थांबे सांगा

(पुण्यातील एका गिर्यारोहण मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘लांब पल्ल्याच्या पदभ्रमणातील वेगविक्रम : पडताळणीचे निकष’. इतकं भारदस्त नाव मी दिलेलं नाही. माझं म्हणणं एका ओळीचं आहे. कुणी विक्रम सांगितला की वेग विचारू नका, थांबे विचारा. हे पटवायला मला पाऊण तास दिला होता. त्यातला बराचसा सत्कारात गेला.

सुरुवात सिंहगडापासून करतो, कारण निम्मी सभा रविवारी सकाळी तिथेच असते. एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, ते इथे बसलेले असू शकतात. (हशा) पुणे दरवाजात भेटतात, गळ्यात टॉवेल, आणि नमस्काराच्या आधी आकडा सांगतात. ‘आज बत्तीस!’ मिनिटं, बरं का. मी एकदा विचारलं, घड्याळ सुरू कुठे केलंत? पायथ्याच्या आतकरवाडीत गाडी लावली तिथे? ‘छे, चढ लागतो तिथे. सपाटीचं काय धरायचं?’ बरं, बंद कुठे केलंत? ‘दरवाजा दिसला की.’ दिसला की! पोचायच्या आधीच गडी पोचला. मग मी म्हटलं, वाटेत ताक प्यायला थांबला होतात, मी पाहिलं. तर म्हणाले, ‘तेवढं घड्याळ आपोआप पॉज होतं.’

आता गंमत बघा. या घड्याळांत पाय थांबले की मोजणीही थांबेल अशी सोय असते. व्यायामाला ती चांगली आहे. पण मग ताक प्यायला वेळच लागला नाही असं होतं! मी एवढंच बोललो, तर गृहस्थ लालबुंद. ‘तुम्ही मला खोटारडा म्हणताय?’ तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. माझी तक्रार त्यांच्या बत्तीस मिनिटांबद्दल नाहीच. आपल्याकडे पुरावा मागितला की लगेच अब्रूवर जातं, ती तक्रार आहे. बँकेत सही जुळवून बघतात तेव्हा कुणी भांडतं का? बरं, पुण्यात भांडतात. (हशा)

कात्रज–सिंहगडचं तेच. जुन्या बोगद्यापासून निघून गडापर्यंत टेकड्या तेरा, चौदा की सोळा, यावर अजून एकमत नाही. काही जण माथ्यावरून जातात, काही वळसा घालून. आणि विक्रम मात्र मिनिटासकट सांगायचा!

आता मोठ्या रस्त्याला लागू. अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल, साधारण ३,५०० किलोमीटर. २०११ मध्ये जेनिफर फार डेव्हिस यांनी ती ४६ दिवस ११ तास २० मिनिटांत पार केली. २०१५ मध्ये स्कॉट ज्युरेकला लागले ४६ दिवस ८ तास ७ मिनिटं. म्हणजे दीड महिन्याच्या चालीत फरक ३ तास १३ मिनिटांचा. एका दुपारची झोप! २०१८ मध्ये बेल्जियमचा दंतवैद्य कारेल साब्बे ४१ दिवस ७ तास ३९ मिनिटांवर आला आणि २०२४ मध्ये टारा डावर ४० दिवस १८ तास ६ मिनिटांवर. रोजचे ८६ किलोमीटर झाले. डोळे पांढरे होतात ना? पण २४ तासांनी भागा. ताशी साधारण साडेतीन किलोमीटर. संभाजी बागेत सकाळी चालणाऱ्या आजी याहून झपझप जातात. फक्त आजी घरी जाऊन पोहे खातात आणि या टाराबाईंचं घड्याळ थांबत नाही. इथे घड्याळ पहिल्या पावलाला सुरू होतं आणि शेवटच्या पावलालाच बंद होतं. झोप, जेवण, पायाचे फोड, सगळं त्यात. रोज तासभर झोप कमी केली तर चाळीस दिवसांत चाळीस तास हातात येतात. म्हणून लबाडी करायची तर जोरात पळावं लागत नाही. रात्री काय झालं हे कुणी पाहिलेलं नसलं की पुरे.

माझा आवडता किस्सा रॉबर्ट पिअरीचा. १९०९, उत्तर ध्रुवाची मोहीम. १ एप्रिलला त्याने बॉब बार्टलेटला परत पाठवलं. पिअरी सोडला तर स्वतः अक्षांश मोजू शकेल असा शेवटचा माणूस तोच. पुढे गेले मॅथ्यू हेन्सन आणि चार इनुइट साथीदार, कसलेले लोक, पण उपकरणं वाचणारा कुणी नाही. बार्टलेट पाठमोरा झाला आणि पिअरीच्या वहीतली रोजची मजल जवळजवळ दुप्पट झाली! परतताना त्याहूनही जास्त. बर्फ तोच, कुत्रे तेच, गेला फक्त साक्षीदार. तो ध्रुवावर खरंच पोचला का, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही. मी हा किस्सा सांगतो तेव्हा माझी बायको बाहेर जाते. तीही बघा, चाललीच. (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे निकष, ज्यासाठी तुम्हाला बोलावलं, ते आता पळत सांगतो.

निघायच्या आधी जाहीर करा. कुठून, कुठे, कोणत्या वाटेनं, मदतनीस घेऊन की सगळं पाठीवर वाहून. या वेगवेगळ्या जाती आहेत, त्यांची तुलना करायची नाही. उपग्रह ट्रॅकर चालू ठेवा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते सगळ्यांना दिसेल आणि कुणीही वाटेत येऊन उभं राहू शकेल. नंतर स्क्रीनशॉट नको, घड्याळातली मूळ फाइल द्या. २०१६ मध्ये अमेरिका पळत ओलांडायला निघालेल्या एका ब्रिटिश धावपटूचं प्रकरण असंच तपासलं गेलं. नोंदीत अंतर होतं, पण तेवढ्या अंतराला पडायला हवीत तेवढी पावलं नव्हती. त्याने आरोप नाकारले, तपासणाऱ्यांचा निष्कर्ष मात्र त्याच्या विरोधात गेला. त्याच वर्षी पुण्यातल्या एका जोडप्यानं जुळवलेले फोटो दाखवून एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला, ते प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. नेपाळनं त्यांच्यावर दहा वर्षांची गिर्यारोहणबंदी घातली. फोटो हा पुरावा राहिला नाही, तो तेव्हाच.

उलट बाजूही सांगतो. घळीत, कड्याखाली सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि नकाशावरची रेघ दरीत उडी मारते. तेवढ्यावरून कुणाला लबाड ठरवू नका. मी बघतो दिवसांचा चढउतार. चाळीस दिवसांत एक दिवस पोट बिघडतं, एक दिवस पाऊस झोडपतो, वाट चुकते. सगळे दिवस सारखे आले की मी चष्मा लावतो. आणि १८०९ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला कॅप्टन बार्कले दर तासाला एक मैल असा हजार तास चालला, तेव्हा कुठला उपग्रह होता? बघणारी माणसं होती, पैजेचे पैसे लावलेली. पैसे लावलेल्या माणसाइतकं डोळे उघडे ठेवून कुणी बसत नाही.

दुसरी चिठ्ठी. मंडळाला एकच विनंती, यंदा कात्रज–सिंहगडची ढाल द्यायच्या आधी जुन्या बोगद्याच्या कुठल्या तोंडापासून घड्याळ सुरू करायचं, तेवढं लिहून ठेवा. चहा आलाय म्हणतात. प्रश्न तिकडेच घेतो.