ब्रह्मपुरीच्या मातीतलं म्युझियम

कोल्हापूर. पंचगंगेचा काठ. शिवाजी पुलालगतची ही टेकडी म्हणजे ब्रह्मपुरी. आज वर दाटीवाटीची घरं, अरुंद बोळ, दारात उभ्या मोटारसायकली. या घरांच्या पायाखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं कोल्हापूर आहे. टाउन हॉलातलं आपलं म्युझियम जन्माला आलं तेही याच मातीतून.

राजाराम कॉलेजातले प्राध्यापक कुंदनगार यांनी इथं आधी खणून पाहिलं. मग १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी शिस्तशीर उत्खनन केलं. थरामागून थर उलगडत गेले. वर बहामनी काळ, त्याखाली शिलाहार आणि तळाशी सातवाहनांची वस्ती. विटांची घरं, शिशाची नाणी, मणी, खापरं. पाठीवर स्वार घेऊन निघालेला ब्राँझचा हत्तीही ब्रह्मपुरीचाच.

आणि हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

नीट बघा. उंची वीतभरसुद्धा नाही. कुरळी दाढी, पिळदार अंग, एक हात वर. त्या हातात त्रिशूळ असणार. आता मूठ रिकामी आहे. रोमन जगातून जहाजानं कोकणच्या बंदरात, तिथून बैलांच्या तांड्याबरोबर सह्याद्रीचा घाट चढून तो इथवर आला असावा. मागवणारा कोण होता? मोठा व्यापारी असेल, हौशी असेल. त्याच्या घरात रोमन धाटणीची ब्राँझची भांडीही होती. कोल्हापूरचा माणूस तेव्हाही जगाशी व्यवहार करत होता, हे या एवढ्याशा मूर्तीनं सांगितलं.

सापडलेलं ठेवायचं कुठं? त्यासाठीच १९४६ मध्ये वस्तुसंग्रहालय उघडलं. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि त्याच वर्षी संग्रह या वास्तूत आला.

ही वास्तूही डोळे भरून पाहण्यासारखी. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेला, काळ्या दगडाचा टाउन हॉल. चार्ल्स मॅन्ट यांचा आराखडा. नवा राजवाडाही त्यांचाच. टोकदार कमानी, उतरती छपरं, जुन्या झाडांची सावली. बागेत मांडलेल्या मूर्ती आणि तोफा. शाळेच्या सहलीत आम्ही याच तोफांवर हात फिरवला होता.

आतल्या भिंतींवर कोल्हापूरचे चित्रकार. आबालाल रेहमान हे शाहू महाराजांच्या पदरचे. त्यांच्या जलरंगातलं पाणी बघा, काठावरचा उजेड बघा. शेजारी दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर.

टेकडीचा थोडाच भाग खणून झालाय. बाकीचा घरांखाली आहे आणि नव्या बांधकामांचे पाये दरवर्षी आणखी खोल जातायत.