फाल्गुनातले दोन तास

मार्चचा पहिला आठवडा. निफाड तालुक्यात कादवा गोदावरीला मिळते तिथला, नांदूर मधमेश्वरचा बंधारा. सूर्य उगवायला अजून अर्धा तास आहे. आधी आवाज येतात: जांभळ्या पाणकोंबड्यांचा कर्कश कलकलाट, आणि अंधारात कुठेतरी चक्रवाकाची सानुनासिक हाक.

शंभर वर्षांहून जुन्या या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं. थापट्या, तलवार, भिवई ही बदकं बुडी मारत नाहीत. शेपटी वर, मान खाली करून पोहोचेल तेवढंच खातात. उथळ पाणी हेच त्यांचं ताट. २०१९ साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, त्याच्या मुळाशी हा गाळ आहे.

उजाडण्याआधी दुर्बीण लावून घ्या. ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची पुरते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचं. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या आयपीसचं, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाचं, कडं फिरवायचं. हे राहून गेलं की तासाभरात डोळे दुखतात.

सूर्य पाठीशी ठेवा. समोर असेल तर सगळी बदकं काळीच दिसतात. फाल्गुनात तर रंग पाहायचे असतात: विणीचा पिसारा पूर्ण आलेला असतो, नर भिवईची पांढरी भुवई लांबूनही उठून दिसते. माद्या मात्र सगळ्या तपकिरी, तिथे चोच बघा. फावड्यासारखी रुंद असेल तर थापट्या. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका, ते हळदी-कुंकू.

वरच्या धरणातून शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं की पाणी चढतं आणि काठाचा चिखल बुडतो. त्या दिवशी चिखलात खाणारे तुतवार, शेकाट्या शोधत बसू नका. पाणी उतरल्यावर या.

आता आकाशात रांग दिसते. शेतात चरून परतणारे पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे. आणखी काही दिवसांत ते हिमालय ओलांडतील. त्यासाठी लागणारी चरबी आत्ताच साठते आहे. फोटोसाठी वीस पावलं पुढे गेलात आणि थवा उठला, तर तीच खर्ची पडते. माना एकदम ताठ झाल्या की थांबा, दोन पावलं मागे या.

दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की पाण्यावरचे सगळे थवे उठतात. मोजणी तेव्हा नको. थवा बसू द्या, दहा पक्षी मोजा, तेवढा तुकडा नजरेत धरून पुढे सरका. वारकरी नावाचा पाणपक्षी बदकांत धरू नका. काळं अंग, पांढरं कपाळ, पोहताना मानेला हिसके.

नऊच्या पुढे पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते. स्कोपची, म्हणजे तिपाईवरच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीची, पट वाढवाल तशी ती थरथरही वाढते. २० पटीवरही कडा विरघळू लागल्या, की स्कोप मिटायचा.