बाहेर पडायची वाट आधी दाखवा

(कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या मंडळाच्या दसरा मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

दसऱ्याच्या दिवशी आगीचा विषय कशाला, असं मला कार्यकारिणीतल्या एक-दोघांनी विचारलं. पण आपल्या सॅन डिएगोत सणांचे दिवस आणि आगीचे दिवस एकच आहेत. 2003 चा मोठा वणवा, सीडर आग, 25 ऑक्टोबरला लागला, ऐन दिवाळीत. 2007 ची विच आग लागली 21 ऑक्टोबरला, रविवारी, दसऱ्याच्या दिवशी. वाळवंटाकडून सांता ॲना वारे सुटतात ते याच सुमारास, आणि उन्हाळाभर पावसाचा थेंब न पाहिलेलं रान तेव्हा सरपणासारखं वाळलेलं असतं.

त्या दसऱ्याला आम्ही सॅन डिएगोच्या रँचो बर्नार्डो भागात होतो. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. आपटा इथे मिळत नाही, म्हणून रस्त्याकडेच्या कांचनाची पानं आणली होती. दिसायला अगदी तशीच, जोडपानं. रात्री सोनं वाटून झालं, उरलेलं ताटात तसंच राहिलं. पहाटे फोन आला: ताबडतोब घर सोडा. दार उघडलं तर पूर्वेचं आभाळ तांबडं, आणि उजाडायला अजून अवकाश होता. सासूबाईंनी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला. त्यांच्या औषधांची पिशवी मात्र ओट्यावरच राहिली.

आमच्या घरापासून फ्रीवे पाच मिनिटांवर. त्या पहाटे आम्हाला पाऊण तास लागला. पोमेराडो रोडवर गाडीला गाडी लागलेली, धुरात पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. बॉनेटवर ठिणग्या पडत होत्या. मागच्या सीटवर सासूबाईंची रामरक्षा चालली होती. मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "अगं, गाडी का थांबली?" त्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकले नाही. रँचो बर्नार्डोत त्या दिवशी तीनशेहून जास्त घरं जळली. आमचं वाचलं. दोन गल्ल्या पलीकडे नुसती धुराडी उभी होती.

हे सांगायचं कारण म्हणजे शेजारच्या सँटी शहराच्या उत्तरेला आखलेला फनिटा रँच हा नव्या वसाहतीचा प्रकल्प. अडीच हजार एकरांहून मोठी जमीन, त्यावर सुमारे 3,000 घरं. सीडर आग याच टेकड्यांवरून गेली होती. त्या एका आगीत 2 लाख 73 हजार एकर जळाले, 15 माणसं गेली, दोन हजारांवर घरं गेली.

नकाशा काढून बघा. पश्चिमेला मिरामारचा लष्करी तळ, उत्तरेला सिकॅमोर कॅन्यनचं राखीव रान. गाड्यांसाठी रस्ते तीन: फनिटा पार्कवे, कुयामाका स्ट्रीट आणि मॅग्नोलिया ॲव्हेन्यू. तीन म्हटलं की बरं वाटतं. पण तिन्ही दक्षिणेलाच उतरतात, सँटीच्या जुन्या वस्तीत, आणि तिथून बहुतेक सगळे 52 नंबरच्या फ्रीवेकडेच वळणार. साध्या कामाच्या दिवशी सकाळी 52 वर काय अवस्था असते हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना मी सांगायला नको. म्हणजे धोका फक्त नव्या घरांत राहणाऱ्यांना नाही. खाली पन्नास वर्षं राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची गाडीसुद्धा त्याच रांगेत उभी राहणार आहे.

सँटीच्या सिटी कौन्सिलने 2020 मध्ये प्रकल्प मंजूर केला. 2022 मध्ये कोर्टाने ती मंजुरी अडवली, आणि आगीच्या वेळी लोक बाहेर कसे पडतील याचा अभ्यास अपुरा आहे, हे त्यातलं एक मोठं कारण होतं. त्याच वर्षी प्रकल्प दुसऱ्या वाटेने पुन्हा मंजूर झाला आणि पुन्हा कोर्टात गेला. त्यामुळे एकदा विरोध केला, आता झालं, असं समजून चालणार नाही.

बिल्डरांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, तो मी लपवणार नाही. नव्या नियमांनी बांधलेली घरं आगीत पुष्कळ चांगली टिकतात. 2007 मध्ये रँचो सांता फेच्या काही नव्या वसाहतींत एकही घर गेलं नाही. पण डोंगर पेटलेला दिसला की लहान मुलं घरात असलेली आई घराच्या भिंती किती पक्क्या आहेत याचा विचार करत बसत नाही, ती गाडी काढते. उत्तर कॅलिफोर्नियात पॅरडाइज गाव जाळणाऱ्या 2018 च्या आगीत 85 माणसं गेली, त्यांतली काही गाडीतच. आणि लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात 7 जानेवारी 2025 ला आग लागली तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. लोक गाड्या रस्त्यात सोडून पळत सुटले आणि अग्निशमन दलाला वाट काढायला बुलडोझरने त्या गाड्या बाजूला ढकलाव्या लागल्या.

आता त्या रानाबद्दल. लांबून ती टेकडी करड्या झुडपांची, ओसाड दिसते. जवळ जाऊन सेजब्रशचं पान चुरगाळा, हाताला उग्र, कापरासारखा वास दिवसभर राहतो. त्या झुडपांत एक चिमणीहून लहान, राखी पक्षी राहतो, कॅलिफोर्निया नॅटकॅचर. दिसायच्या आधी ऐकू येतो, आवाज थेट मांजरीच्या पिल्लासारखा. तो स्थलांतर करत नाही. झुडूप गेलं की त्याचं घर गेलं. 1993 पासून त्याला कायद्याने संरक्षण आहे. हर्मीस कॉपर नावाचं फुलपाखरू तर अख्ख्या जगात फक्त आपल्या सॅन डिएगो परिसरात आणि सीमेपलीकडे बाहा कॅलिफोर्नियात आहे. 2003 आणि 2007 च्या आगींत त्याच्या कितीतरी जागा नष्ट झाल्या.

इथे पक्षी आणि माणूस हे दोन वेगळे विषय आहेत असं मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक आगी माणसामुळे लागतात: गाडीची ठिणगी, विजेची तार, गवत कापायचं यंत्र. रानात वस्ती गेली की आगी वाढतात. वारंवार जळलं की ही झुडपं पुन्हा उगवत नाहीत, त्यांच्या जागी बाहेरून आलेलं गवत माजतं. ते गवत मे महिन्यात वाळतं आणि झुडपापेक्षा कितीतरी लवकर पेट घेतं. पक्ष्याचं रान जातं आणि आपल्या दाराशी वाळलेलं गवत येतं.

समोर बसलेल्या तरुण मंडळींना मला मनापासून सांगायचंय, तुमची अडचण मला कळते. दोघं कमावत असूनही इथे घर परवडत नाही, माझ्या मुलीचंही तेच चाललंय. घरं हवीतच. मिशन व्हॅलीत, ट्रॉलीच्या, म्हणजे शहरातल्या रेल्वेच्या, मार्गावर, जुन्या रिकाम्या मॉल्सच्या जागी बांधा. त्यासाठी कौन्सिलच्या सुनावणीला मी तुमच्याबरोबर येईन आणि बाजूने बोलेन. आपल्या लेकरांना परवडणारं घर म्हणून आगीच्या तोंडी एकाच दिशेने उतरणारी वाट देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

जेवणं झाली की मागच्या टेबलाशी या. तिथे नकाशा पसरून ठेवलाय. आपल्या घरावर टिकली लावा आणि तिथून बाहेर पडायचे रस्ते बोटाने मोजा, आजी-आजोबांना शेजारी उभं करून. सँटी, लेकसाइड आणि एल कहोनला राहणाऱ्यांनी आपली नावं वहीत लिहून ठेवा, म्हणजे फनिटा रँचची पुढची सुनावणी लागली की फोन करता येईल. दोन-दोन मिनिटंच बोलायचं असतं. इंग्रजीची भीती वाटत असेल तर मी शेजारी उभी राहीन.