ती पोरां कोणाची? लेवी बॉडी डिमेन्शियाबद्दल

नमस्कार मंडळी, माईक जरा खरखरतोय, मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. वाचनालयवाल्यांनी मला विषय दिला होता म्हातारपणातलं विसरणं, पण मी त्यातला एकच आजार उचललाय, लेवी बॉडी डिमेन्शिया, कारण ह्यात माणूस सुरुवातीला फारसं विसरतच नाही आणि म्हणून घरचे आणि डॉक्टर दोघेही गंडतात. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही बरं का, साधा फॅमिली डॉक्टर, सत्तावीस वर्षं मालवण-कुडाळ पट्ट्यातच दवाखाना. आणि गंडलेल्यांत पहिला मीच, ते पुढे येईल.

एक पेशंट सांगतो, घरच्यांना विचारून सांगतोय. तात्या म्हणूया, खरं नाव ते नाही. एसटीत कंडक्टर होते. रिटायर व्हायच्या आधीपासूनच झोपेत ओरडायचे, "पुढे सरका, पुढे सरका!" एकदा तर झोपेतच मच्छरदाणीची दोरी दोनदा खेचली, डबल बेल, आणि अख्खी मच्छरदाणी दोघांच्या अंगावर. घरात हसून पुरेवाट. पण एका रात्री काकींच्या बरगडीत लाथ बसली, तेव्हापासून त्या माजघरात झोपायला लागल्या, आणि तात्या झोपेत काय करतात हे बघणारं कोणी उरलं नाही. लोकांना काय सांगायचं, तर ते घोरतात.

आता यात गोम आहे. स्वप्नं पडतात ती झोप, रेम स्लीप, तिच्यात मेंदू आपले हातपाय जवळजवळ लुळे करून ठेवतो, नाहीतर आपण सगळेच रात्री गावभर धावलो असतो. ही कळ बिघडली की माणूस स्वप्न जगायला लागतो, गुद्दे, लाथा, खाटेवरून खाली. आणि हे डिमेन्शियाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं, दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं आधी. झोपेत हातपाय झाडणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो असं नाही, घाबरू नका, पण डॉक्टरला सांगा तरी.

मग काही वर्षांनी पोरं आली. तात्या संध्याकाळी पडवीत बसले की अंगणात तीन-चार पोरं दिसायची त्यांना, गप्प उभी, त्रास काही नाही. काकींना हाक मारायचे, "ती पोरां कोणाची गो? तेंका चाय दी." आता कोकणातलं घर, तिन्हीसांजेची वेळ, अंगणात कोणाला न दिसणारी पोरं, म्हणजे पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. राखणदाराचं काहीतरी राहिलं असणार. देवळात गाऱ्हाणं झालं, नारळ झाला, मग कोणीतरी भगत सुचवला. मी यावर हसत नाही. गाऱ्हाणं घातल्याने कोणाचं नुकसान होत नाही, पण भगताने अंगारा देऊन प्रेशरची गोळी बंद करायला सांगितली ते नुकसान. आणि मला ही पोरं कोणी सांगितलीच नाहीत! दवाखान्यात काय, तर "थोडे मंद झालेत, चालताना पाय घासतात." मी म्हटलं वय झालं.

गणपतीला मुलगा आला मुंबईहून. त्या दिवशी तात्यांनी सगळ्या आरत्या तोंडपाठ म्हटल्या, कोणाचं लग्न कधी झालं ते सांगितलं, मुलगा आईलाच म्हणाला, तू उगाच वाढवून सांगतेस. दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या बंडीची बटणं हातात धरून तासभर बसले होते, लागतच नव्हती, आणि मुलाला विचारत होते, तुम्ही कुठे उतरणार. ही भरती-ओहोटी या आजाराची खूणच आहे. एका दिवसातसुद्धा येते. सूनबाई म्हणते ढोंग करतात, डॉक्टर म्हणतात आत्ता तर बरे दिसतायत, आणि बघणारी बाई एकटी पडते.

आता माझं सांगतो. जूनमध्ये लघवीचं इन्फेक्शन होऊन तात्या एका नर्सिंग होममध्ये ॲडमिट होते. पहिल्याच पावसात रात्री लाईट गेली, यांनी सलाईन उपटली, खाटेवरून उतरून पॅसेंजरना ओरडायला लागले. सिस्टरचा मला फोन. आणि मी झोपेतच सांगितलं, हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन द्या, शांत होतील. शांत झाले. सकाळी बघतो तर फळीसारखे ताठ, लाळ गळतेय, पाणी गिळता येईना, मान हलेना. तीन आठवडे लागले त्यांना परत बसतं करायला आणि चाल पहिल्यासारखी काही झाली नाही. लेवी बॉडीच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, आधीच आटलेलं असतं, आणि ही औषधं उरलेल्या डोपामिनची वाट अडवतात. या पेशंटांपैकी बऱ्याच जणांना अशी भयंकर रिॲक्शन येते, जीवही जाऊ शकतो. मला माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात वाचलेलं होतं, पण समोर तो आजार आहे हेच मला माहीत नव्हतं.

मग मुंबईच्या एका न्यूरॉलॉजिस्ट मित्राला फोन केला. त्याने तीनच प्रश्न विचारले. झोपेत हातपाय मारतात का, नसलेलं काही दिसतं का, दिवस कमीजास्त होतो का. मी काकींकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी घरून कालनिर्णय घेऊन आल्या. दुधाचा हिशोब लिहितात ना आपण चौकटीत, त्याच्याच खाली बारीक अक्षरात, "बरे", "भ्रम", "पोरे आली", "पडले", "बरे, भजनाक गेले". सात महिन्यांचं. अहो, अख्खं निदान तिथे भिंतीवर टांगलेलं होतं आणि मी सीटी स्कॅन काढत बसलो होतो.

तर निदान कसं करतात. विचार करणं, लक्ष लावणं, अंदाज घेणं हे रोजच्या कामात अडथळा येईल इतकं बिघडलेलं हवं, आणि वर चार मुख्य खुणा, मनाची भरती-ओहोटी, वारंवार दिसणारे स्पष्ट भास, झोपेतली ती मारामारी आणि पार्किन्सनसारखा मंदपणा किंवा ताठरपणा. चारातल्या दोन असल्या तर हाच आजार असण्याची दाट शक्यता. एकच असली तर तपासणीची जोड लागते, डोपामिनचा स्कॅन, आपल्याकडे ट्रोडॅट म्हणतात, किंवा हृदयाच्या नसांचा एमआयबीजी स्कॅन, किंवा रात्रभर झोपेची तपासणी. हे निकष २०१७ साली सुधारले, ही झोपेची खूण तेव्हाच मुख्य यादीत आली. एमआरआय नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं होत नाही, उलट अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग लवकर सुकतो तो इथे बऱ्यापैकी शाबूत दिसतो. मित्राने तात्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. सगळे आकडे एका बाजूला गोळा. आणि मालवण ते कुडाळ स्टॉप विचारले तर चौके, धामापूर, नेरूरपार, मधले बारीकसारीक फाटेसुद्धा एका दमात.

पार्किन्सनवाले विचारतात, मग फरक काय. हालचालीचा त्रास आधी आणि वर्षाहून जास्त काळाने डोकं बिघडलं तर पार्किन्सनमधला डिमेन्शिया म्हणतात, डोकं आधी किंवा वर्षभराच्या आत तर लेवी बॉडी. मेंदूतला कचरा दोन्हीकडे तोच. फ्रिट्स लेवी नावाच्या जर्मन डॉक्टरने १९१२ साली पेशींमधले ते गोळे पहिल्यांदा नोंदवले, ज्यू होता, हिटलर आल्यावर देश सोडून अमेरिकेत गेला. डिमेन्शियाशी पेशींतल्या त्या गोळ्यांचा संबंध जपानच्या केनजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवला. गोळ्यांतलं प्रोटीन, अल्फा सायन्यूक्लिन, सापडलं १९९७ ला. हॉलिवुडचा रॉबिन विल्यम्स २०१४ साली गेला, त्याला पार्किन्सन म्हणून सांगितलेलं होतं, लेवी बॉडी शवविच्छेदनात कळलं. तिकडे हे, तर आपण कोण.

औषधांचं. मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. पण रिव्हास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल, मूळची अल्झायमरची औषधं, इथे चांगली चालतात, भास कमी होतात, लक्ष सुधारतं. मळमळ होते, नाडी मंद होऊ शकते, म्हणून आधी ईसीजी, मग हळूहळू वाढवायचं. डोस मी इथे सांगणार नाही, उद्या मेडिकलमधून घेऊन याल. ताठरपणाला लेव्होडोपा थोडंच, कारण त्याने भास वाढू शकतात. झोपेला मेलॅटोनिन. भास फारच उग्र झाले तरच क्वेटियापिनसारखं काही, अगदी कमी मात्रेत, नजरेखाली. आणि बंद काय करायचं हे जास्त महत्त्वाचं, बहुतेक वेळा मी तिथूनच सुरू करतो. सर्दी-खाजेची झोप आणणारी गोळी, थरथरीला दिलेलं ट्रायहेक्सीफेनिडिल, ह्यांनी डोकं आणखी गढूळ होतं. उलटीचं मेटोक्लोप्रामाइड तर त्या इंजेक्शनचंच चुलत भावंड. उठताना प्रेशर धाडकन पडतं, म्हणून पडून आणि उभं करून दोन्ही मोजायला सांगा, न्हाणीघरात पडलेले निम्मे त्यातले असतात असं मला वाटतं. अचानक बिघडले तर आधी लघवी, पोट, ताप बघा.

तात्यांच्या जुन्या पासाच्या प्लास्टिक कव्हरात आता एक चिठ्ठी असते, लेवी बॉडी डिमेन्शिया, हॅलोपेरिडॉल देऊ नये, माझा फोन नंबर. ॲडमिट करताना काकी आधी ती पुढे करतात, आधार कार्ड नंतर.

घरात काय करायचं, तर दिवेलागणीला अंधार ठेवू नका, खुंटीला टांगलेला शर्ट काढा, तोच माणूस होऊन उभा राहतो. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या, नजर धड नसली की मेंदू मनाने भरतो.

मागच्या ताईंनी विचारलंय, नाहीत ती पोरं नाहीत म्हणून सांगायचं की नाही. मी पुस्तकातलं सांगण्यापेक्षा काकींचं सांगतो. आधी त्या सांगायच्या, अहो कोणी नाहीये, रोज भांडण, तात्या उठून अंगणात जायचे आणि पायरीवर पडायचे. हल्ली त्या आतूनच सांगतात, "दिलंय चाय, पिऊन गेली सगळी." तात्या मान डोलावतात. फक्त एवढंच विचारतात, "साखर घातलंस मां?"