दाव्याला बांधून आलेलं दुखणं

घोटीचा गुरांचा बाजार. डांगी बैलाच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून इगतपुरीकडचा धो धो पाऊस त्याच्या अंगावरून नुसता निथळून जातो. हे झालं पावसाचं. विषाणूला ते तेल अडवत नाही.

सौदा ठरला. गाय पिकअपमध्ये चढली. याच पिकअपमधून आधी कोणाची जनावरं गेली, नंतर गाडी धुतली का, कोणी विचारत नाही. भावावरून मात्र अर्धा तास घासाघीस चालली होती.

2022 मध्ये महाराष्ट्रभर लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा आजार पसरला, तेव्हा गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. सगळा दोष माशीच्या माथी गेला. तो खोटाही नाही. चावणारी माशी, डास, गोचीड हा आजार एकाचा दुसऱ्याला देतात, आणि उकिरडा गोठ्याला लागून असला की पावसाळ्यात माश्यांची चंगळच. पण माशी उडून उडून जाणार किती लांब? नांदगावचं दुखणं एका रात्रीत सिन्नरला आणते ती गाडी.

त्यात आणलेली गाय पहिल्या दिवशी ठणठणीत दिसते. लम्पीच्या गाठी उठायला कधी आठवडा लागतो, कधी चार. लाळ्या-खुरकत या तोंडा-खुरांच्या आजारात तर तोंडात फोड दिसण्याआधीच लाळेतून, दुधातून विषाणू बाहेर पडू लागतो. तोवर गव्हाण तीच, हौद तोच, धार काढणारे हातही तेच.

लशीबाबत गफलत फार. ‘कालच टोचलीय’ म्हणत गाय कळपात सोडतात. अंगात आजाराशी लढायची ताकद यायला 2 ते 3 आठवडे जातात! आणि एकाच सुईनं अख्खी दावण टोचली, तर लशीबरोबर आजारही पुढं सरकू शकतो.

दिवाळीच्या आगेमागे नांदगाव, येवल्याकडून ऊसतोडीच्या बैलगाड्या निघतात. कारखान्याच्या तळावर कुठकुठल्या गावांचे बैल शेजारी-शेजारी. लाळ्या-खुरकताची लस दर 6 महिन्यांनी गावात येते. तेव्हा बैल तळावर असले, तर राहिले ते राहिलेच.

सिन्नरजवळचा हा गोठा. नवी गाय लांब, कडुनिंबाखाली. तिची बादली वेगळी, दावं वेगळं, धार सगळ्यांत शेवटी. आजी रोज कुरकुरते, “लक्ष्मी घरात आणली न् परक्यासारखी बाहेर काय बांधली?” सूनबाई काही बोलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात 28 दिवसांपैकी अकरावर फुल्या पडल्यात.