भास्करबुवांची तबकडी नाही

[पुण्याची मंगळवार पेठ. ताडपत्रीवर रचलेल्या रेकॉर्ड्स.]

बुधवारी आणि रविवारी इथे जुना बाजार भरतो. पान्हे, बिजागऱ्या, पितळी डबे, बंद पडलेले रेडिओ. त्यांतच कुठेतरी रेकॉर्ड्सची चळत, भर उन्हात. विनाइल, म्हणजे रेकॉर्ड्सचं प्लास्टिक, उन्हानं वाकतं, म्हणून आम्ही जमवणारे सकाळीच पोचतो. आधी सावलीत न्यायच्या, मग लेबलं वाचायची.

हा नाद कशासाठी, असं कुणी विचारलं की मी एक नाव सांगतो: भास्करबुवा बखले. पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू. १९०२ सालीच कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं होतं. बुवा गेले १९२२ साली. मधली वीस वर्षं हे तंत्र देशात होतं, आणि तरी बुवांची एकही तबकडी नाही. शिष्यांच्या रेकॉर्ड्स ऐकायच्या आणि बुवा कसे गात असतील याचा अंदाज बांधायचा, एवढंच आपल्या हाती उरलं. ही हळहळ मला आयुष्यभर पुरली आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट अब्दुल करीम खाँसाहेबांची. झिंझोटी रागातली ठुमरी, ‘पिया बिन नहीं आवत चैन’. जेमतेम तीन मिनिटं. गदगच्या एका दुकानात ही रेकॉर्ड शाळकरी भीमसेनच्या कानावर पडली, आणि असं गायला शिकायचं म्हणून त्या पोरानं घर सोडलं. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्याचे गुरू झाले. गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू झालेला महोत्सव तर आपण सगळे जाणतोच. त्या रेकॉर्डची एक प्रत माझ्याकडे आहे. घासलेली, कडेचा टवका उडालेली. पण खाँसाहेबांचा सूर लागला की खरखर कानात शिरतच नाही.

[सुई खाचेत टेकते.]

ही मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी विनाइलची नव्हे, लाखेची. हातातून निसटली की तुकडे. स्पिरिटनं कधीच पुसू नये, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ फडकं, आणि खाचांच्या दिशेनंच हात फिरवायचा. तिची खाच रुंद, म्हणून सुईही वेगळी लागते. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइल तबकडीची, बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाला घासते आणि नुसता गोंगाट ऐकू येतो.

एलपी आली १९४८ साली, अमेरिकेत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, एका बाजूला वीसेक मिनिटं. संथ लयीत फुलणाऱ्या विलंबित ख्यालाला ऐसपैस जागा मिळाली. माझ्याकडे एलपीच जास्त आहेत. तरीही तीन मिनिटांत अख्खा राग उभा करणाऱ्या त्या आधीच्या गायकांविषयी मला जास्त आदर वाटतो.

[माळ्यावरून उतरवलेलं खोकं.]

पेठांमधले वाडे पाडले जातायत, तशी माळ्यांवरची खोकी बाहेर निघतायत. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या रेकॉर्ड्स कुणी ना कुणी उचलतंच. पण ज्या गायिकेचं नाव आज कुणाला माहीत नाही, तिची कदाचित एकुलती एक उरलेली तबकडी भंगारात किलोवर जाते. तुमच्या घरी असं खोकं असेल, तर ते देऊन टाकण्याआधी एकेक लेबल वाचा. अनोळखी नावाच्या रेकॉर्ड्स आधी बाजूला काढा, आणि जमवणाऱ्या कुणाला तरी बोलावून दाखवा.